खुडूक कोंबडी, डझनभर अंडी आणि २१ दिवस

प्रश्न : आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घर तळमजल्यावर असून मागच्या अंगणात पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांतली तांबडी कोंबडी चार दिवसांपासून खुडूक झाली आहे. खुराड्यातल्या घरट्यावरून ती उठत नाही आणि हात नेला की पिसे फुलवून टोचते. मागच्या वर्षी हिलाच बसवले होते. तेव्हा रोज मिळेल तसे एकेक अंडे तिच्याखाली ठेवत गेले. एकूण पंधरा अंडी झाली, पण पिल्ले तीनच निघाली. काही अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्ले मेलेली सापडली. एका पिल्लाला बाहेर येता येत नाही असे वाटून मी कवच सोलून दिले, तर ते तासाभरातच गेले. त्याची रुखरुख अजून मनात आहे. यंदा नणंदबाई झाबुआहून कडकनाथची सहा अंडी पाठवणार आहेत. सासूबाई म्हणतात, टोपलीत लोखंडी खिळा आणि लाल मिरची ठेवल्याशिवाय कोंबडी बसवायची नाही. यजमान म्हणतात, अंडी उबवण्याचे यंत्रच आणू. काय करावे?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : सर्वप्रथम मागच्या वर्षाविषयी. आपली कोंबडी वाईट नव्हती आणि अंडीही बहुधा चांगलीच होती. चूक झाली ती अंडी ठेवण्याच्या रीतीत. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू निघायला उबेचे २१ दिवस लागतात, आणि ते दिवस प्रत्येक अंड्याचे ऊब लागल्यापासून स्वतंत्रपणे मोजले जातात. आपण रोज एकेक अंडे ठेवत गेल्यामुळे पहिल्या अंड्यातले पिल्लू बाहेर आले, तेव्हा शेवटच्या अंड्यातले पिल्लू जवळजवळ दोन आठवडे मागे होते. पिल्ले निघू लागली की कोंबडी एक-दोन दिवस घरट्यावर थांबते आणि मग त्यांना घेऊन चरायला निघते, कारण तिच्या दृष्टीने काम पुरे झालेले असते. मागे राहिलेली अंडी थंड पडतात आणि त्यांतले जीव, कुणी अर्धे वाढलेले तर कुणी उद्या-परवा निघणारे, तिथेच संपतात. आपल्याला मेलेली सापडलेली पिल्ले बहुतेक अशीच गेली असावीत. म्हणून यंदा एक गोष्ट कटाक्षाने पाळा : सगळी अंडी एकाच दिवशी, एकाच वेळी तिच्याखाली ठेवा आणि त्यानंतर एकही वाढवू नका.

त्यासाठी अंडी आधी साठवावी लागतील, आणि साठवणीतच अनेकांचे नुकसान होते. सात दिवसांपेक्षा जुने अंडे शक्यतो घेऊ नये. त्यानंतर पिल्लू निघण्याची शक्यता दिवसागणिक घटत जाते. अंडी शीतकपाटात ठेवू नयेत, कारण तेथील थंडी गर्भाला सोसत नाही. स्वयंपाकघरातल्या उबदार फडताळातही ठेवू नयेत, कारण साधारण २० ते २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो आणि ही अर्धवट वाढ पुढे टिकत नाही. दिवाळीनंतरच्या इंदुरी हवेत घरातली सर्वांत थंड फरशी, माठाशेजारचा कोपरा किंवा ओल्या वाळूवर ठेवलेले मातीचे भांडे या कामाला उत्तम. अंड्याचे निमुळते टोक खाली ठेवावे आणि अंडे रोज एकदा किंचित कलते करावे. तडा गेलेली, फार मोठी, फार लहान आणि वेड्यावाकड्या आकाराची अंडी खाण्यासाठी बाजूला काढावीत. माखलेली अंडी धुऊन बसवण्यापेक्षा ती न बसवणेच बरे, कारण धुतल्यावर कवचावरचा संरक्षक पापुद्रा जातो आणि सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात.

अंडी जमेपर्यंत कोंबडीला घरट्यावर थांबवून धरण्यासाठी तिच्याखाली दोन-तीन लाकडी अंडी ठेवावीत. ती मिळाली नाहीत तर पेन्सिलने खूण केलेली जुनी अंडी चालतील. कोंबडी खरोखर खुडूक आहे की नुसती घरट्यावर रेंगाळते आहे, हेही त्या दिवसांत कळते. रात्री ती घरट्यावरच राहत असेल, बोलण्यात एकसारखी कुडकुड येत असेल, छातीखालची पिसे झडून तिथली कातडी उघडी आणि हाताला गरम लागत असेल, आणि दिवसातून एकदाच उठून मोठी, घाण वासाची विष्ठा टाकत असेल, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. चार दिवसांच्या आपल्या वर्णनावरून ती पक्की दिसते.

आता जागा. सध्याचे घरटे सर्वांच्या खुराड्यात असेल तर मागच्या वर्षीची दुसरी चूकही तिथेच घडली असणार. इतर कोंबड्या त्याच घरट्यात येऊन अंडी घालतात, आणि आपण मोजून ठेवलेल्या अंड्यांत नवी मिसळतात. तिच्यासाठी पडवीत किंवा न्हाणीघरामागे अंधुक उजेडाची, वारा न लागणारी आणि मांजर पोचणार नाही अशी निराळी जागा करा. रुंद तोंडाची पसरट टोपली घ्यावी, तळाशी दोन-तीन बोटे किंचित ओलसर माती घालून तिला बशीसारखा खोलगट आकार द्यावा आणि वर गव्हाचे कोरडे काड पसरावे. माती असल्यामुळे अंडी मध्यभागी राहतात आणि घरट्यात थोडा ओलावाही टिकतो. बुरशीचा वास येणारे काड कधीही वापरू नये. कोंबडीला रात्रीच्या अंधारात हलवावे. दिवसा हलवलेली कोंबडी बिचकते आणि पुष्कळदा बसणेच सोडून देते. नव्या जागी एक-दोन दिवस लाकडी अंड्यांवर स्थिर झाली, की रात्री ती काढून खरी अंडी हलक्या हाताने तिच्याखाली सरकवावीत. बसवण्यापूर्वी तिची पिसे उलटून उवा आणि पिसवा पाहायला विसरू नका. बसलेल्या कोंबडीला धूळस्नान फार वेळा मिळत नाही, आणि तीन आठवड्यांत हे कीटक तिला सतावून घरटे सोडायला लावतात. कोरड्या मातीत चाळलेली लाकडाची राख मिसळून एक उथळ पाटी जवळ ठेवावी. मात्र आपल्या माळव्यातली काळी माती ओली झाली की पिसांना चिकटते. धुळीच्या पाटीसाठी वाळू किंवा मुरूमच बरा.

अंडी किती ठेवावीत, याबद्दल माझे मत ठाम आहे : हिवाळ्यात मध्यम आकाराच्या गावठी कोंबडीखाली दहा, फार तर बारा. पंधरा अंडी मावत नाहीत, आणि न मावणाऱ्या अंड्यांची हानी केवळ त्या तीन अंड्यांपुरती राहत नाही. कोंबडी दिवसभर चोचीने अंडी फिरवते, मधली कडेला आणि कडेची मध्ये घेत असते. त्यामुळे उघड्यावर राहण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येक अंड्यावर येते आणि थोडीथोडी थंडी सगळ्यांनाच लागते. कोंबडी बसल्यावर कोणत्याही बाजूने अंडे दिसत नसेल, तर संख्या बरोबर आहे असे समजावे.

झाबुआची सहा अंडी जरूर घ्या. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचे नाव दूरवर गेले आहे, पण कडकनाथ कोंबडी स्वतः क्वचितच खुडूक होते, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली उबवण्याची चाल तिकडेही जुनीच आहे. नणंदबाईंना एवढेच विचारा, की त्या कळपात कडकनाथचाच कोंबडा आहे ना आणि अंडी किती दिवसांची आहेत. त्यांचा रंग पाहून फसगत झाली असे मानू नका. पक्षी आतून-बाहेरून काळा असला तरी अंडे फिकट तपकिरी असते, आणि काळे अंडे म्हणून कुणी विकत असेल तर ते घेऊ नये. झाबुआपासून इथपर्यंतच्या प्रवासात अंडी हिंदकळतात आणि रुंद टोकाकडील हवेची पोकळी हलते. म्हणून पोचल्यावर ती निमुळते टोक खाली करून बारा ते चोवीस तास स्वस्थ ठेवावीत, आणि मग आपल्या घरच्या पाच-सहा अंड्यांसोबत एकत्रच बसवावीत. दोन्हींचा काळ २१ दिवसांचाच आहे. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने ठळक वर्तुळ काढावे, म्हणजे एखादे परके अंडे शिरले तर तत्काळ ओळखता येईल.

कोंबडी बसल्यावर आपले काम फार थोडे उरते. घरट्यापासून चार पावलांवर मका, ज्वारी किंवा गहू आणि स्वच्छ पाणी ठेवावे. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते, खाते, पिते, धुळीत लोळते आणि परत येते. तेवढ्या वेळात अंडी गार पडतील ही चिंता करू नये. सलग दोन दिवस उठली नाही, तर पंखाखाली अडकलेले अंडे नाही ना हे आधी चाचपून तिला अलगद उचलून दाण्यापाशी ठेवावे. या काळात तिचे वजन घटतेच.

सातव्या रात्री अंडी उजेडात पाहावीत. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून खालून मोबाइलचा दिवा लावला आणि अंड्याचे रुंद टोक त्यावर धरले, की जिवंत अंड्यात एक काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या लाल शिरा दिसतात. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंड्यात गर्भ नाही; रक्ताचे कडे दिसले तर गर्भ धरला होता पण गेला. अशी अंडी काढून टाकावीत, कारण कुजलेले अंडे घरट्यात फुटले तर बाकीचीही नासतात. तपकिरी कवचातून दिसायला अवघड जाते. शंका असेल तर अंडे राहू द्यावे आणि चौदाव्या रात्री पुन्हा पाहावे. अठराव्या दिवसापासून मात्र अंड्यांना हात लावायचा नाही, मोजायचीही नाहीत.

आणि आता त्या पिल्लाविषयी, ज्याचे आपल्याला वाईट वाटते. लहानपणी मीही हेच केले आहे, त्यामुळे आपली रुखरुख मला कळते. पिल्लू चोचीच्या टोकावरच्या कठीण उंचवट्याने कवचाला पहिला टोचा मारते आणि मग बारा ते चोवीस तास काहीच करत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ते अडकले, थकले, मरायला टेकले असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या शिरांमधले रक्त हळूहळू त्याच्या शरीरात परत जात असते. आपण कवच सोलले की त्या शिरा तुटतात आणि पिल्लू रक्तस्रावाने जाते. हे कुणी सांगितले नसेल तर माणूस दयेपोटीच हात घालतो. यंदा तेवढा हात आवरा. पोटातल्या बलकामुळे निघालेले पिल्लू दोन दिवस दाण्यापाण्याविना सहज राहते, त्यामुळे घाई कशाचीच नाही. कवचाआडून येणारी चिवचिव आणि कोंबडीची हलकी कुडकुड ऐकू येऊ लागली, की खुर्ची लांब ठेवून बसावे. बाविसावा दिवस उलटल्यावर, आई पिल्लांसह उठली की न फुटलेली अंडी आणि टरफले उचलावीत.

सासूबाईंच्या खिळ्याबद्दल : मेघगर्जनेने अंडी मरतात आणि लोखंड, कोळसा किंवा मिरची त्यांना वाचवते, ही समजूत अनेक भागांत आहे. गर्जनेने गर्भ मरत नाही. पावसाळ्यात अंडी बिघडतात ती ओलीने आणि दचकून वारंवार उठणाऱ्या कोंबडीमुळे, आणि याच निरीक्षणातून ती समजूत आली असावी. खिळा टोपलीच्या तळाशी मातीत पुरून ठेवला तर कोणाचेच बिघडत नाही, आणि सासूबाईंनी कोंबड्यांवर लक्ष ठेवणे आपल्याला हवेच आहे. मिरची मात्र टोपलीबाहेर टांगावी.

यंत्र दहा-बारा अंड्यांसाठी घेऊ नये. त्यात ३७.५ अंश तापमान अखंड राखावे लागते, दिवसातून तीन-चारदा अंडी फिरवावी लागतात, शेवटच्या तीन दिवसांत हवेतला ओलावा वाढवावा लागतो आणि वीज गेली की जीव टांगणीला लागतो. त्यानंतर पिल्लांना दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपासची ऊब देऊन दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यावी लागते ते वेगळेच. ही सगळी कामे आपली तांबडी कोंबडी स्वतःच्या अंगाने करते, आणि शिवाय पिल्लांना टिपायला, घार दिसताच लपायला शिकवते.

पिल्ले निघाल्यावर पहिले दोन आठवडे खरे जोखमीचे. पाण्याची थाळी उथळ असावी आणि तिच्यात गोटे घालावेत, नाहीतर पिल्ले भिजून गारठतात किंवा बुडतात. पिल्लांचे तयार खाद्य बाजारात मिळते आणि तेच आईनेही खाल्ले तरी चालते. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यातल्या जादा चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. आपल्याकडे सोयाबीन घरोघरी असते म्हणून एक सूचना : कच्चे सोयाबीन भरडून कधीही घालू नये. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते आणि ते उष्णतेनेच नष्ट होते. तयार खाद्यात असते ती तापवलेली पेंड. दिवसा आई आणि पिल्ले मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीत, कोवळ्या उन्हात ठेवावीत; रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी हवी, कारण मोठ्या भोकाच्या जाळीतून उंदीर, घुशी आणि मुंगसाची पिल्लेही आत येतात.


प्रश्न : दुकानातून आणलेली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर पिल्ले निघतील का?
— एक विद्यार्थी, देवास

उत्तर : नाही. दुकानातली अंडी बहुतांशी पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबड्यांची असतात, आणि तिथे कोंबडा नसतो. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी देते, पण त्यांत गर्भ धरत नाही. साधारण आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरून ताजी अंडी मागून आणावीत.


प्रश्न : आमची पिल्ले पाच आठवड्यांची आहेत. काल दोघांच्या विष्ठेत रक्त दिसले आणि ती पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी आहेत. लसी कोणत्या द्याव्यात, हेही सांगावे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखे दुखणे नसल्यामुळे आपल्याला आधीच कळवले आहे, इतर वाचकांसाठी येथे देत आहे. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती विष्ठा दिसली, की पहिला संशय कॉक्सिडिओसिसचा घ्यावा. हा आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा रोग असून तो ओल्या, माखलेल्या अंथरुणातून पसरतो. त्यावर ॲम्प्रोलियमसारखे औषध पाण्यातून देतात, आणि वेळेवर दिले तर पिल्ले वाचतात. मात्रा पशुवैद्याकडूनच घ्यावी. इंदूरकरांना महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. मेलेले पिल्लू तपासणीसाठी बंद पिशवीत, बर्फासोबत नेले तर निदान पक्के होते. सगळे अंथरूण त्याच दिवशी बदला आणि पाण्याची भांडी अशी उंच ठेवा की त्यांत विष्ठा पडणार नाही. या रोगावर लसीचा उपयोग नाही असे नव्हे, पण घरगुती कळपात कोरडी जमीन हाच खरा बचाव आहे.

लसींपैकी सर्वांत महत्त्वाची मानमोडीची, म्हणजे रानीखेतची. पहिली मात्रा पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकून देतात, गंबोरो या विषाणूजन्य रोगाची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि देवीची व रानीखेतची पुढची मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि फोडल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून आसपासच्या चार-सहा घरांनी एक दिवस ठरवून एकत्र लस द्यावी. कुपी बर्फातूनच आणावी. लस नळाच्या पाण्यात मिसळू नये. आपल्याकडे येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात शुद्धीकरणासाठी घातलेले क्लोरिन जिवंत लस निकामी करते.


प्रश्न : मे महिन्यात आमची कोंबडी खुडूक होते. पिल्ले नको आहेत, पण ती अंडी द्यायची थांबते. शेजारी सांगतात, नाकातून पीस घाला किंवा थंड पाण्यात बुडवा. हे करावे का?
— एक गृहिणी, ग्वाल्हेर

उत्तर : दोन्ही करू नये. खुडूक होणे हा कोंबडीचा हट्ट किंवा रोग नव्हे. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे तिचे अंडे देणे थांबते आणि बसण्याची ओढ लागते. नाकातल्या पिसाने तिला फक्त इजा आणि भीती मिळते. तेवढ्याने ओढ उतरत नाही. पाण्यात बुडवल्याने ग्वाल्हेरच्या ४५ अंशांच्या उन्हातही ती गारठून आणि घाबरून आजारी पडू शकते. त्याऐवजी तळाला जाळी असलेला पिंजरा दोन विटांवर उंच ठेवा, त्यात काड, टोपली असे काहीही घालू नका, आणि सावलीत, इतर कोंबड्या दिसतील अशा जागी तिला तीन-चार दिवस दाणा-पाण्यासह ठेवा. छातीखालून सतत हवा लागल्याने अंगातली ऊब उतरते आणि बहुतेक कोंबड्या पुन्हा कळपात मिसळतात. अंडी सुरू व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. खुडुकीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हे केले तर लवकर साधते, आठवडा उलटला की वेळ लागतो. मे महिन्यात पिल्ले न काढण्याचा आपला निर्णय योग्यच आहे. त्या उष्म्यात साठवलेली अंडी बसवण्याआधीच बिघडतात आणि बसलेली कोंबडी धापा टाकत असते.


प्रश्न : सात आठवड्यांपर्यंत पिल्लांना पंखाखाली घेणारी आई आता त्यांना टोचून हाकलते. तिला काही झाले आहे का?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : तिला काहीही झालेले नाही. पिल्लांना पिसे फुटली, ती रात्री स्वतः ऊब धरू लागली आणि आईच्या शरीरात पुन्हा अंडी तयार होऊ लागली, की पाचव्या ते आठव्या आठवड्यात ती त्यांना दूर करते. पिल्लांना एकत्रच, निराळ्या खुराड्यात हलवावे. एकेकटे करू नये, ती एकमेकांना बिलगून झोपतात. पहिल्या दोन-तीन रात्री ती आईला हाका मारतील आणि ऐकणाऱ्याला ते जड जाईल, पण परत तिच्याकडे सोडू नये. दाण्यापाण्याची दोन-दोन भांडी ठेवावीत, म्हणजे धीट पिल्ले दुबळ्यांना अडवणार नाहीत. आईला आता अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा सुरू करावा.